लग्नांचा सांभाळ

५ जानेवारी, सोमवार

सकाळी दुकान उघडतो न उघडतो तोच कामरेजहून प्रवीणचा फोन. आमचा 'सांभाळ' ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते बनवणाऱ्या परदेशातल्या मंडळींनी जाहीर केलंय की महिनाअखेरीला जुनी आवृत्ती बंद. आमच्या मशीनना एकमेकांचे पत्ते सांगणारं त्यांचं मोठं मशीन तिकडे आहे, तेही बंद. पुढे चालवायचं असेल तर आपलं पत्त्याचं मशीन आपण लावा, नवी आवृत्ती घ्या. नाहीतर भाडं भरून एखाद्या कंपनीच्या मशीनवर जागा घ्या.

खाडीचं पाणी दुकानात शिरलं त्या वर्षी लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेल्या कपाटभर हार्डडिस्का गेल्या होत्या. लोक आपापली लग्नं विचारायला यायचे, मी चहा पाजून परत पाठवायचो. त्यानंतर प्रवीणनेच हा 'सांभाळ'चा मार्ग काढला. सुरतेतले गोडादरा, लिंबायत, उधना आणि जवळचं कामरेज, इथले आम्ही दहा-अकरा लग्नाचे शूटिंगवाले. प्रत्येकाच्या घरी एक मशीन. माझ्याकडच्या लग्नाचे तुकडे होऊन सगळ्यांकडे जातात, त्यांचे माझ्याकडे येतात. दोन-चार मशीन बुडाली तरी उरलेल्या तुकड्यांतून लग्न पुन्हा उभं राहतं. यात मालक कोणी नाही, आम्हा सगळ्यांचं मिळून एक मंडळ आहे. आमच्यात वयाने मोठे उधन्याचे चिंधाभाऊ, त्यांनी तेव्हाच एक नियम घालून दिला: दिलेलं सांभाळायचं.

नव्या आवृत्तीत आपोआप काहीच जात नाही. प्रत्येकाने आपल्या मशीनसमोर बसून कुठलं लग्न पुढे न्यायचं ते हाताने सांगायचं. पुरेशा जणांनी घेतलं नाही तर ते लग्न संपलं.

बरं झालं, सध्या मुहूर्त नाहीत. आणि आमची मुलगी मयुरी कालच सासरहून, अमळनेरहून आलीय. संक्रांतीला आली असेल, पण बॅग केवढी मोठी आणलीय. कॉम्प्युटरचं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हटलं, देवानेच वेळेवर पाठवली.

बायको, वैशाली म्हणाली, "पोर थकेल शे. दोन दिवस तिले कामले लाऊ नका."

७ जानेवारी

मयुरी स्वतःहूनच बसली मशीनवर. दिवसभर उठली नाही. जेवायला हाक मारली तरी "आले, आले". लग्नानंतरही माहेरच्या कामाची ओढ गेली नाही हे बघून बरं वाटलं.

आणखी एक. अमळनेरला असताना तिला फोन केला की तो नेहमी स्पीकरवर असायचा. जावईबापू राहुल बाजूला बसून ऐकायचे, मधून हसायचे. नव्या जोडप्याला एकमेकांशिवाय करमत नाही. इथे आल्यापासून तिने फोन बंदच ठेवलाय. म्हणते चार्जर विसरले. माझा दिला, तो टेबलावर तसाच पडून आहे.

८ जानेवारी, गुरुवार

दुपारी सुवर्णा आली. जालन्याकडचे भगवानभाऊ, मागच्या गल्लीत राहतात, पूर्वी कापडाच्या लूमवर होते, त्यांची मुलगी. तिचं लग्न मीच शूट केलं होतं. नंतर ते टिकलं नाही, फारकत झाली. आता एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात डिझाइन बसवायचं काम करते.

खुर्ची दिली तरी बसली नाही. म्हणाली, "काका, तुमचं सगळं नवीन आवृत्तीत न्यायचं चाललंय ना? प्रवीणभाईचं स्टेटस पाहिलं. माझं लग्न नेऊ नका."

मी म्हटलं, "अगं, रागाच्या भरात असं करू नये. पुढे कधी बघावंसं वाटेल."

"राग कधीच गेला. तिकडचे लोक दर वर्षी लग्नाच्या तारखेला त्यातला एक तुकडा काढतात आणि मी जिथे काम करते तिथल्या लोकांना पाठवतात. यंदा माझ्या सुपरवायझरला पाठवला. खाली लिहिलं होतं, ही बाई कशी नाचत होती बघा."

"त्यांच्याकडे कॉपी असेल."

"नाही. त्यांचा पेनड्राइव्ह केव्हाच खराब झाला. तुम्ही दोन्ही घरांना दिलेल्या लिंकवरूनच घेतात. मी विचारलं होतं तुम्हाला, लिंक बंद होईल का. तुम्ही म्हणालात होत नाही."

ते खरं आहे. सांभाळमध्ये लिंक म्हणजे त्या व्हिडिओचं नावच. व्हिडिओ आहे तसा जिवंत आहे तोवर, ज्याला ते नाव माहीत आहे त्याच्यासाठी तो उघडणार. तेव्हा हे मी तिला मोठ्या अभिमानाने समजावून सांगितलं होतं, आपलं कसं कधी बुडत नाही म्हणून.

मी म्हटलं, बघतो, मंडळात विचारावं लागेल. ती "बरं" म्हणून निघाली. मयुरी आतल्या खोलीतून उठून तिच्या मागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. बराच वेळ आली नाही. दोघी शाळेत मागेपुढे होत्या, जुन्या गप्पा निघाल्या असतील.

९ जानेवारी

हे अपेक्षित नव्हतं. आज सकाळी भगवानभाऊ स्वतः आले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग म्हणाले, "सुवर्णा येऊन गेली म्हणं."

"हो."

"तिचं ऐकू नका. त्याच्यात सखू हाय."

सखुबाई, त्यांची मालकीण. सुवर्णाच्या लग्नानंतर वर्षभरातच वारली. तिचे फोटो दोन, तेही आधार कार्डासारखे, सरळ बघणारे. चालती-बोलती सखुबाई फक्त त्या व्हिडिओत आहे.

"म्या रोज नाही बगत," भगवानभाऊ म्हणाले. "पण हाय हे म्हाईत असतं. लेकराला तरास व्हतोय ते मलाबी दिसतंय. पण मी काय करावं, तुमीच सांगा."

एकाच व्हिडिओसाठी बाप म्हणतो ठेवा आणि मुलगी म्हणते काढा. मला विचाराल तर बापाची बाजू जड वाटते. माणूस गेलं की गेलं, त्याचं जे उरलंय ते कोणी कसं पुसावं?

११ जानेवारी, रविवार

उधन्याला चिंधाभाऊंच्या स्टुडिओत मंडळाची बैठक. मयुरीही आली, नव्या आवृत्तीचं तिलाच समजावून सांगायचं होतं. छान सांगितलं. प्रवीणशी गुजरातीत काय काय बोलली, आम्ही जुने लोक नुसते माना डोलावत होतो. कंपनीत जागा घ्यायची नाही, आपलंच चालवायचं, हे एकमताने ठरलं. पत्त्याचं मशीन कुणाकडे ठेवायचं ते राहिलं. ते सतत चालू लागतं, आणि कुणीतरी लक्ष देणारं लागतं.

मग सुवर्णाचा विषय मी काढला. चिंधाभाऊ म्हणाले, "आपला नियम एकच शे. आज एक काढशी, उद्या धा जण येतीन."

लिंबायतचा भिकन म्हणाला, "पण पोरीला त्रास होतोय ना, भाऊ."

"त्यालेबी उपाय शे." चिंधाभाऊ माझ्याकडे वळले. "तू तो व्हिडिओ घे, शेवटून एक सेकंद काप. व्हिडिओ बदलला की नाव बदललं. ते नवं आपण ठेवू, जुनं सोडून देऊ. त्यांची लिंक मेली. बापाचंबी राहिलं. पोरीले कशाले सांगाचं? तिले समजणार नई."

मला पटलं. सगळ्यांनाच पटलं. कोणाचंच नुकसान नाही. मी हो म्हणणार तेवढ्यात मयुरी बोलली. आवाज हळू होता, पण सगळ्यांनी वळून पाहिलं.

"तिला समजणार नाही म्हणून करायचं?"

चिंधाभाऊ म्हणाले, "तसं नई, बेटा."

"तिने सांगितलंय की मला ते असायलाच नको. तुम्ही ते ठेवणार, आणि तिला सांगणार की गेलं. मग ती रस्त्याने निश्चिंत फिरणार, आणि तुम्ही दहा जण तिच्याकडे बघणार, आणि तुम्हाला माहीत असणार." ती थांबली. "बाईला तिच्याच घरातलं दहा लोकांनी ठरवून कळू द्यायचं नाही, हे काय बरं आहे?"

मी तिला डोळ्यांनी खुणावलं. वडीलधाऱ्यांसमोर असं बोलायची तिची पद्धत नाही. चिंधाभाऊ रागावतील असं वाटलं, पण ते तिच्याकडे नुसते बघत राहिले. मग मला म्हणाले, "बरं. वाल्मिक, तूच काढ काहीतरी मार्ग."

परतताना रिक्षात मी मयुरीला म्हटलं, "एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. सुवर्णाचं सुवर्णा बघेल." ती बाहेर बघत होती. ऐकलं की नाही कोण जाणे.

१४ जानेवारी

उत्तरायण, पतंगांचा सण. आख्खं गोडादरा गच्चीवर. मयुरीला लहानपणी खाली उतरवायला ओरडावं लागायचं. आज वर आलीच नाही. वैशालीही तिच्याजवळ खाली बसून राहिली. मी तिळाची चिक्की घेऊन खाली गेलो तर दोघी बोलता बोलता गप्प झाल्या.

मला वाटतं तिला जावयांची आठवण येतेय. सण आहे, आणि ती एकटी इथे माझ्या कामात अडकून पडलीय. चूक माझीच. म्हणून गच्चीवर जाऊन जावईबापूंना फोन लावला. म्हटलं, या चार दिवस, सुरत बघा, इथला पोंक, म्हणजे हुरडा खा. ते लगेच म्हणाले, "येतो. रविवारी येतो. तिला सांगू नका, पप्पा." मलाही तेच म्हणायचं होतं. अचानक दिसले की खूश होईल.

१६ जानेवारी

मार्ग सापडलाय असं वाटतं. सुवर्णाच्या लग्नातून सखुबाई जिथे जिथे आहे तेवढं वेगळं काढायचं, त्यात नवरा-नवरी कुठेच नको. त्याची एक लहान फिल्म करून भगवानभाऊंना द्यायची आणि ती सांभाळमध्ये ठेवायची. मूळ व्हिडिओ सोडून द्यायचा. आधी सुवर्णाला विचारलं, मयुरीच्या सांगण्यावरून. ती म्हणाली, "आई राहू दे. आई मलाही हवीय."

कामाला बसलो तेव्हा कळलं किती अवघड आहे. कॅमेरा सगळा वेळ नवरा-नवरीवर. सखुबाई कुठे तर कडेला. अर्धा खांदा, पदर, एक हात. हळदीला परात घेऊन येते आणि मी कॅमेरा फिरवलाय. विहिणींची पंगत बसलीय, ती वाढतेय, मी पंगतीचे चेहरे घेतलेत आणि वाढणाऱ्या बाईचा फक्त हात. शूटिंगच्या धंद्यात इतकी वर्षं काढली. नवरीची आई म्हणजे पाठवणीच्या वेळी रडताना एकदा घ्यायची, एवढंच आम्हाला ठाऊक.

सुवर्णाही येऊन बसली. तिला पडद्याकडे बघवेना, म्हणून मयुरी बघायची आणि सांगायची, "ताई, आता नाही आहात तुम्ही, बघा." मग ती मान वर करायची. एका जागी सखुबाई मांडवाच्या कोपऱ्यात आचाऱ्याशी भांडतेय, हातातल्या झाऱ्याने त्याला काहीतरी दाखवतेय, आणि मागे कुणीतरी हसल्यावर स्वतःच हसते. तो तुकडा माझ्याकडून चुकून राहिला होता. कॅमेरा खाली ठेवला होता आणि बंद करायचा विसरलो होतो. सुवर्णा तो पुन्हा पुन्हा लावायला सांगत होती.

काम झाल्यावर मी मयुरीला म्हटलं, आपल्या घरची लग्नं पुढे नेऊन टाकू. ती म्हणाली, "माझं नका घेऊ, पप्पा."

"का गं?"

"उगाच जागा जाते."

तिचा स्वभावच असा, स्वतःसाठी काही मागणार नाही. म्हटलं, "घरच्यांना जागा नाही तर कोणाला?" आणि तिच्यासमोरच तिचं लग्न सगळ्यांच्या आधी घेतलं. वर मंडळाच्या ग्रुपवरही टाकलं की हे सगळ्यांनी घ्यावं. ती उठून आत गेली.

१८ जानेवारी, रविवार

काय आणि कसं लिहावं कळत नाही. झालं तसं लिहितो.

अकराच्या सुमाराला जावईबापू आले. पेढ्यांचा बॉक्स, अंगात इस्त्रीचा शर्ट, माझ्या पाया पडले. मी कौतुकाने हाक मारली, "मयुरी, बघ कोण आलंय." ती ओल्या हातांनी बाहेर आली, आणि दाराच्या चौकटीला हात लावून तिथेच थांबली. तिचा चेहरा मी लहानपणापासून बघतोय. असा कधी बघितला नव्हता.

वैशाली माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही बलावं का?"

मी हो म्हटलं. मी तेव्हाही हसत होतो.

राहुल म्हणाला, "चल, आवर. खाली गाडी उभी आहे. संध्याकाळपर्यंत घरी पोचू."

मी म्हटलं, "अहो, चार दिवस राहायला बोलावलंय तुम्हाला."

"दुकान आहे, पप्पा. कोण बघणार?" हे बोलता बोलता त्याने फडताळावरचा मयुरीचा फोन उचलला. सुरू केला. चार्जिंग होतं त्यात, भरपूर होतं. त्याने अंगठ्याने नंबर टाकून कुलूप उघडलं, जसं माणूस स्वतःचं पाकीट उघडतो, आणि फोन बंद असताना कोणाकोणाचे मेसेज आले ते खाली खाली सरकवत बघायला लागला. आम्ही तिघं समोर उभे होतो. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"ही सुवर्णा कोण?" त्याने विचारलं.

मयुरी म्हणाली, "मी येणार नाही."

आणि मी काय बोललो, तर "अगं, एवढ्या लांबून आलेत". ते तोंडातून निघून गेलं. वैशाली पुढे झाली आणि राहुलच्या हातातून फोन काढून घेतला. तो म्हणाला, "पासवर्ड तिनेच दिलाय मला. विचारा तिला."

कोणी विचारलं नाही. मयुरी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी काय करतो ते बघत होती.

मला खूप काही सुचायला हवं होतं. एवढंच सुचलं: "जावईबापू, ती आत्ता नाही येऊ शकत. मंडळाचं काम तिच्यावर आहे. ती गेली तर सगळ्यांची लग्नं बुडतील."

"किती दिवसांचं काम आहे?"

"ते मी सांगू शकत नाही," मी म्हटलं. "तुम्ही चहा घ्या आणि निघा."

त्याने चहा घेतला नाही. जाताना म्हणाला की घरच्यांना घेऊन येतो. मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेलो. सवयीने "या परत" म्हणणार होतो, पण तोंड मिटून उभा राहिलो.

१९ जानेवारी

दुकान उघडलं नाही.

वैशाली कालपासून बोलत नव्हती. आज दुपारी बोलली. "पोरनी तोंड उघडीसन सांगं नई, पण तुमले काहीच दिखनं नई का? इतली मोठी बॅग. बंद फोन. रातभर जागी."

मी म्हटलं, "मला वाटलं..."

"काय वाटनं?"

काय वाटलं होतं ते तिला सांगायची लाज वाटली.

मग मयुरी आली आणि समोर बसली. थोडंच बोलली, रडली नाही. राहुल दुकानात जाताना बाहेरून कडी लावायचा. सुरुवातीला चोरांच्या भीतीने असं म्हणायचा. फोन रात्री त्याच्याकडे. आमचे फोन आले की स्पीकर, आणि तो शेजारी. एकदा ती मला काही सांगायला लागली तर त्याने बोलता बोलता तिचं मनगट धरलं. "तेव्हा तुम्ही म्हणालात, जावईबापू मजेत ना? आणि तो म्हणाला, एकदम मजेत."

मला तो फोन आठवतो. मी वैशालीला म्हणालो होतो की घर प्रेमळ मिळालं.

"मारलं का कधी?" मी विचारलं.

"पप्पा, त्याच्यावर आहे का सगळं?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "एकदा."

२३ जानेवारी

भगवानभाऊंना सखुबाईची फिल्म दाखवली. आवाज तसाच ठेवलाय, कुठे वाजंत्री, कुठे आचारी. ते पुढे सरकून बघत होते. संपल्यावर म्हणाले, "येवढीच?"

"एवढीच मिळाली, भाऊ."

"म्या समदा व्हिडिओ बगायचो तवा मला ती दिसायचीच नाही नीट. लेकराकडंच बगत ऱ्हायचो." झाऱ्याचा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. "खोबरं कमी घातलं व्हतं त्यानं. बरोबर व्हती ती."

मग म्हणाले, "त्ये जुनं सोडा. सुवर्णाला सांगा, बाप हो म्हणला." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग गेले. सांगितलं असावं, कारण संध्याकाळी सुवर्णा पुरणपोळ्यांचा डबा ठेवून गेली.

२५ जानेवारी

पत्त्याचं मशीन आमच्या घरी आलं. प्रवीणने विचारलं, कोण बघणार? मयुरी म्हणाली, "मी." त्याने मान डोलावली आणि वायरी जोडायला बसला. फोनलाही तिने नवा नंबर घेतलाय. अमळनेरहून माझ्या नंबरावर फोन येतात. मी घेतो. ते काय म्हणतात ते ऐकून घेतो आणि सांगतो की मुलगी इथेच राहणार. परवा तिच्या सासऱ्यांनी विचारलं, समाजात काय सांगायचं? त्या प्रश्नाची भीती मलाही आहे, इथे लिहायला हरकत नाही. गोडादऱ्यातले निम्मे खान्देशी मला ओळखतात. निम्म्यांच्या घरची लग्नं मी लावली नसली तरी टिपली आहेत.

२८ जानेवारी

सुवर्णा स्वतः एकेकाच्या घरी जाऊन आली. कारखान्याची सुट्टी टाकून उधना, लिंबायत, शेवटी कामरेज. प्रत्येकाला तेच सांगायचं, का नको ते. भिकनने दारातच हो म्हटलं. काहींनी बसवून सगळं विचारलं, कोणाची चूक होती, मूल नव्हतं का. ती म्हणाली, सांगून सांगून दुसऱ्या कुणाची गोष्ट वाटायला लागली.

चिंधाभाऊंकडे मीही बरोबर गेलो. ते म्हणाले, "नियम मीच करा ना? मग मोडाचा तर मीच मोडस." पण तिला समोर बसवून विचारलं, "उद्या नवरदेव म्हने ठेवा, नवरी म्हने काढा, तं मग आम्ही काय कराचं?" ते भांडण मंडळात पुढे चालणार आहे.

३१ जानेवारी, शनिवार

आज शेवटचा दिवस.

सकाळी मयुरीला विचारलं. आधी वाक्य मनात जुळवलं होतं, तरी नीट आलं नाही. "तुझं जे मी घेतलं होतं ना. ते माझ्या मशीनवरून काढलंय. पण ग्रुपवर टाकल्यामुळे बाकीच्यांनीही घेतलं असेल."

"हो."

"मग काय करायचं?"

ती पडद्याकडे बघत राहिली. "त्यांना सांगावं लागेल. सुवर्णाताईने सांगितलं तसं. मला नाही जमणार, पप्पा. आत्ता नाही."

"मी सांगतो," मी म्हटलं.

तिने वळून बघितलं. "ते विचारतील का म्हणून."

"विचारू दे."

बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलो आणि फोन लावायला घेतले. पहिला भिकनला. म्हटलं, "भिकन, माझ्या मुलीचं लग्न पुढे नेऊ नको." तो म्हणाला, "का हो, काही बिघडलं का फाईलमध्ये?" हो म्हणून सुटता आलं असतं. शब्द अगदी जिभेवर होता. मी म्हटलं, "फाईल चांगली आहे. लग्न बिघडलं. ती परत आली आहे आणि आता तिकडे जाणार नाही." तो म्हणाला, "बरं दादा. आत्ता काढतो."

दुसऱ्याला आधीच सांगून टाकलं की फाईल चांगली आहे. तिसऱ्याला बरंच विचारायचं होतं, त्याच्या भाचीचं अमळनेरलाच ठरतंय. त्याला राहुलचं सगळं सांगितलं, कडीचंही. एकजण म्हणाला, पोरींचं असंच असतं, थोडी समजूत घाला. मी म्हटलं, "समजूत घालायची होती ती माझी घातली गेली. तू ते लग्न काढ." सकाळचे उरलेले तास यातच गेले. आतल्या खोलीत मयुरीच्या बोटांचा आवाज सुरुवातीला येत होता, नंतर थांबला. ती ऐकत होती. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि शेवटपर्यंत तिथेच होती.

चिंधाभाऊंना मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्यांना सांगायला सुरुवात केली तर त्यांनी मला अर्ध्यावरच थांबवलं.

"तुझ्या पोरीचं मी घेतलंच नई, वाल्मिक."

"मी तर ग्रुपवर टाकलं होतं."

"टाकलं होतं. पण उधन्याले त्या दिवशी ती बोलली ना, तव्हाच माले समजलं. ते सुवर्णाचं बोलणं नव्हतं." पुढे म्हणाले, "तुझ्या तोंडून यायची वाट बघत होतो. नाहीतर मी कशाला बोलू?"

मग त्यांनीच विचारलं, "पोर कशी शे?"

मी आत बघितलं. मयुरी उठून दारात आली होती.

"मशीन बघतेय," मी म्हटलं. "तुमचं मशीन सकाळपासून पत्ता देत नाही म्हणत होती."

"मंग तिलेच दे ना फोन. तुले काय समजस त्याच्यातलं?"

मी फोन तिच्या हातात दिला. तिने कानाला लावला आणि बोलत बोलत आपल्या खोलीत गेली. दार तिने लोटून घेतलं. पलीकडून ती चिंधाभाऊंना कुठली वायर काढायची ते समजावत होती, मग कशावरून तरी हसल्यासारखं वाटलं. मी मुद्दाम कान दिला नाही. वैशालीने ताटं घेतली, आम्ही दोघं जेवायला न बसता तिची वाट बघत थांबलो.